बिलाची नोंद आणि रस्त्याची नोंद

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुंबईच्या उपनगरातल्या काही रस्त्यांचं गाडीने सर्वेक्षण झालंय, पीसीआय (रस्त्याची स्थिती सांगणारे शंभरपैकी गुण) आणि आयआरआय (पृष्ठभागाचा खडबडीतपणा) यांचे आकडे हातात आहेत, रस्त्यांच्या देखभालीचं नियोजन करणारं पेव्हमेंट मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअरही आलंय. पण कोणता रस्ता कधी आणि कोणत्या थरांनी बांधला याच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांचं नियोजन काढलं की दुरुस्तीची यादी भलतीच येते. नोंदी सुधारायच्या कशा आणि सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

मी तीस वर्षं याच कामात आहे. पहिली बारा-पंधरा वर्षं प्रयोगशाळेत आणि साइटवर गेली, नंतरची रस्त्यांच्या डेटावर. माझ्या अनुभवाचं सार असं की आपल्या बांधकामाच्या नोंदी बिल निघावं म्हणून लिहिल्या जातात, आणि बिल निघालं की त्यांचं काम संपतं. मोजमाप पुस्तक, म्हणजे एम.बी., उघडून पाहा. किती चौरस मीटर, किती घनमीटर, कोणत्या दराने, सगळं चोख असतं, कारण ऑडिटवाले तेच तपासतात. पण ‘या दिव्याच्या खांबासमोर, डाव्या लेनमध्ये, आज चाकाखाली काय काय आहे आणि ते केव्हा घातलं’ असं विचारलं, तर एम.बी.मध्ये उत्तर सापडत नाही. तुमचं सॉफ्टवेअर नेमकं तेवढंच विचारतं. म्हणून एम.बी.ला अधिक नीटनेटकं करून हा प्रश्न सुटणार नाही. रस्त्याची म्हणून एक वेगळी नोंद हवी आणि ती बिलाशी बांधलेली नसावी.

हे मला कळलं ते एका काँक्रीटच्या रस्त्यावर. कागदावर तो रस्ता नऊ वर्षांचा होता, पीसीआय ऐंशीच्या पुढे. आमच्या अभ्यासात तो आदर्श ठरला होता आणि त्याच जाडीचा आराखडा पुढच्या कामांना लावावा असा प्रस्तावही तयार होत होता. एका रविवारी पहाटे, रहदारी नसताना, मी तो रस्ता पायी चाललो. सूर्य तिरका असताना काँक्रीटवरच्या ब्रशच्या रेघा फार स्पष्ट दिसतात. दोन-तीन पॅनलनंतर (पॅनल म्हणजे सांध्यांच्या मधली काँक्रीटची लादी) मधेच एका पॅनलवरच्या रेघा दाट, रंग थोडा उजळ, कडेच्या सांध्यातलं सीलंट अजून मऊ. पुढे पुन्हा तसंच. खडूने खुणा करत मोजत गेलो. १८० पॅनलपैकी २३ पॅनल नंतर तोडून नव्याने ओतलेली होती, म्हणजे जवळजवळ दर आठात एक. फाइलमध्ये त्याचा एका ओळीचाही उल्लेख नव्हता. चौकशी केल्यावर उलगडा झाला. दोष दायित्वाच्या, म्हणजे आपण ज्याला हमी कालावधी म्हणतो त्या काळात कंत्राटदाराने ती पॅनल स्वखर्चाने बदलून दिली होती. काम त्याने प्रामाणिकपणे केलं होतं. पण पैसे द्यायचे नव्हते म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून मोजमाप नाही, आणि मोजमाप नाही म्हणून नोंद नाही. ज्या रस्त्याची इतकी पॅनल पाच वर्षांच्या आत फुटली, तो रस्ता आमच्या टेबलावर नमुना म्हणून मांडलेला होता.

मुंबईत आज हा मुद्दा फार मोठा आहे. पालिकेच्या ताब्यातल्या सुमारे २,०५० किलोमीटर रस्त्यांपैकी सातशेच्या आसपास किलोमीटर रस्त्यांचं काँक्रीटीकरण दोन टप्प्यांत हाती घेतलं गेलं. पहिल्या टप्प्याचं भूमिपूजन जानेवारी २०२३मध्ये झालं. आयआयटी मुंबई त्रयस्थ म्हणून गुणवत्तेवर लक्ष ठेवते. म्हणजे तपासणी होते आहे, आकडे तयार होत आहेत. ते आकडे कोणत्या पॅनलचे, हे वीस वर्षांनी सांगता येईल अशा रीतीने ठेवले, तर या शहराच्या हाती असं काही लागेल जे आजवर नव्हतं. हमी कालावधीतली प्रत्येक दुरुस्ती, ती फुकट असली तरी, नोंदवलीच पाहिजे, अशी अट निविदेतच असावी असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. कोणतं पॅनल, कशामुळे तोडलं, केव्हा ओतलं, तोडताना खाली काय दिसलं. चार रकाने पुरतात.

आता वयाबद्दल बोलतो, कारण तुमच्या यादीचा गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. समजा एका डांबरी रस्त्याचा पीसीआय आज ७० आहे. नोंद सांगते की थर १० वर्षांपूर्वीचा आहे. म्हणजे वर्षाला ३ गुण गेले, आणि ४०पर्यंत घसरायला अजून १० वर्षं आहेत. प्रत्यक्षात चार वर्षांपूर्वी कुठल्या तरी वेगळ्या निधीतून त्यावर ४० मिलिमीटरचा नवा थर पडला होता आणि ती फाइल दुसऱ्या कपाटात आहे. मग वर्षाला साडेसात गुण गेले आणि तुमच्या हातात चारच वर्षं आहेत. रस्त्याची घसरण सरळ रेषेत होत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, हिशेब फक्त अंदाजासाठी केला. पण पाहा, सर्वेक्षणाची गाडी कितीही महागडी असली तरी ही चूक तिला दिसणार नाही. तिला आजचा पृष्ठभाग दिसतो, त्याचा जन्म दिसत नाही.

आणि ‘तारीख’ म्हणजे कोणती तारीख? एका कार्यादेशात पंधरा गल्ल्या असतात. पूर्णत्वाच्या दाखल्यावर सगळ्यांना एकच तारीख पडते, समजा ३१ मे. प्रत्यक्षात पहिली गल्ली डिसेंबरातच झालेली असते, तिसऱ्या गल्लीत डीएलसी (खालचा कमी सिमेंटचा काँक्रीटचा थर) पावसाआधी आणि वरचं पीक्यूसी (रहदारी झेलणारं मुख्य काँक्रीट) दिवाळीनंतर, आणि दोन गल्ल्या जलवाहिनीमुळे पुढच्या हंगामावर गेलेल्या. तिसऱ्या गल्लीतली डीएलसी अख्खा पावसाळा उघडी राहिली आणि तिच्यावरून रिक्षा-टेम्पो फिरले, ही गोष्ट त्या रस्त्याच्या आयुष्यात फार महत्त्वाची आहे आणि ती कुठेच लिहिलेली नसते. माझा नियम साधा आहे. प्रत्येक तुकड्यासाठी दोन तारखा घ्या, वरचा थर घातला ती आणि रहदारीला खुला केला ती. कार्यादेश, दाखला, शेवटचं बिल यांच्या तारखा हव्या तर वेगळ्या रकान्यात ठेवा, पण वय मोजायला त्या वापरू नका. आणि खालचा थर उघडा असताना पाऊस गेला का, याचं हो किंवा नाही.

जागेचा गोंधळ याहून अवघड आहे. एस. व्ही. रोड घ्या. वांद्र्यापासून दहिसरपर्यंत तो एच पश्चिम, के पश्चिम, पी दक्षिण, पी उत्तर आणि मग आर वॉर्डांमधून जातो. एका फाइलीत ‘एस. व्ही. रोड’, दुसरीत ‘स्वामी विवेकानंद मार्ग’, एखाद्या जुन्या नकाशावर ‘घोडबंदर रोड’. प्रत्येक कंत्राटदार आपल्या कामाच्या टोकाला शून्य धरून चेनेज, म्हणजे तिथपासूनचं मीटरमधलं अंतर, मोजतो, त्यामुळे ‘चेनेज २४०’ या एकाच आकड्याच्या चार जागा होतात. ‘डावी बाजू’ म्हणजे कुणाच्या डावीकडची, हेही लिहिणाऱ्यालाच ठाऊक. लालबहादूर शास्त्री मार्गाचं तेच, शीवपासून मुलुंडपर्यंत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्ग २०२२मध्ये एमएमआरडीएकडून पालिकेकडे आले. रस्त्याचा असा ताबा बदलतो तेव्हा फाइलींमधलं शून्य कुठलं होतं हे नव्या ताबेदाराला कळायला हवं.

यावर उपाय म्हणजे नाक्यापासून नाक्यापर्यंतचे तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक क्रमांक द्या आणि तो क्रमांक कधीही बदलू नका, रस्त्याचं नाव बदललं तरी. उत्तर-दक्षिण रस्त्याचं शून्य दक्षिणेच्या नाक्यावर, पूर्व-पश्चिम रस्त्याचं पश्चिमेच्या. डावी-उजवी म्हणूच नका. उत्तरेकडे जाणारी, दक्षिणेकडे जाणारी असं लिहा, आणि लेन दुभाजकाकडून मोजा. तुकडे छोटे असले की मोजणीची चूक फार तर तीनशे-चारशे मीटरच्या आत राहते, पुढे वाहत जात नाही. मोबाइलच्या जीपीएसवर मात्र विसंबू नका. मेट्रोच्या पुलाखाली किंवा दोन उंच इमारतींच्या मधल्या रस्त्यावर ते दहा-पंधरा मीटर सहज सरकतं, म्हणजे तुमची नोंद समोरच्या लेनमध्ये किंवा शेजारच्या गल्लीत जाऊन बसते. जीपीएस घ्या, पण सोबत दिव्याच्या खांबाचा क्रमांक, मॅनहोल, इमारतीचा कोपरा असं काहीतरी न हलणारं लिहा. काँक्रीटच्या रस्त्यावर तर फारच सोपं आहे. पॅनल हीच पत्त्याची खूण. दर दहाव्या पॅनलचा क्रमांक कर्बवर रंगाने लिहा आणि एका कागदावर पॅनलचा नकाशा ठेवा.

काम चालू असताना काय लिहायचं? इथे मी तुम्हाला सावध करतो. मोठमोठे फॉर्म बनवायचा मोह होतो. मी स्वतः ८० रकान्यांचे फॉर्म पाहिले आहेत आणि त्यात पहिले १२ सोडले तर बाकी सगळं दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून भरलेलं असतं. आपल्याकडे काम रात्री होतं. रात्री दोन वाजता जेईच्या (कनिष्ठ अभियंत्याच्या) एका हातात टॉर्च असते, पेव्हरवाला थांबलेला असतो, वाहतूक पोलीस घड्याळ दाखवत असतात. त्या माणसाकडून आठ-दहा गोष्टी खऱ्या मिळाल्या तर खूप झालं. तेव्हा नंतर कधीही शोधता येणार नाही तेवढंच त्याच्याकडून मागा.

डांबरी थरासाठी माझ्या मते असं : तुकडा आणि चेनेज कुठून कुठपर्यंत, लेन, मिश्रणाचा प्रकार, डांबराची ग्रेड, खालचा पृष्ठभाग कसा होता (खरवडलेला, तसाच, ओला), टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून डांबराचा फवारा) झाला की नाही, पसरताना आणि शेवटच्या रोलिंगच्या वेळी तापमान, गाडीचा चलान क्रमांक आणि ती कुठे रिकामी झाली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये व्हीजी-३० ग्रेडच्या डांबराच्या मिश्रणाला पसरताना किमान १४० आणि रोलिंगसाठी किमान ९० अंश सेल्सिअस सांगितलंय. प्लांट तळोजा-तुर्भ्याच्या बाजूला आणि काम बोरिवलीत असलं, की मधल्या कोंडीत मिश्रण किती थंड झालं हे त्या रात्रीच कळतं. पुढे तीन वर्षांनी त्याच पन्नास मीटरमधून खडी सुटायला लागते, तेव्हा चलान आणि तापमान हाती असेल तर दोन मिनिटांत कारण सापडतं.

काँक्रीटमध्ये सगळ्यात जास्त मोलाच्या दोन वेळा आहेत आणि दोन्ही सहसा लिहिल्या जात नाहीत. पहिली म्हणजे मिक्सरची गाडी प्रत्यक्ष रिकामी झाली ती वेळ. भरल्याची वेळ चलानावर छापलेली असतेच. तयार काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४९२६ साधारणपणे भरल्यापासून दोन तासांत माल उतरवायला सांगतं, रिटार्डर (घट्ट होणं लांबवणारं रसायन) असेल तर जास्त वेळ चालतो. उतरवल्याची वेळ लिहिली नाही तर त्या छापील वेळेचा काही उपयोग नाही. दुसरी वेळ सांध्याचा कट मारल्याची, म्हणजे कटरने सांध्याची खाच पाडल्याची. कट उशिरा पडला की काँक्रीट आपला सांधा आपणच शोधतं आणि तो कट मारायचा होता तिथे पडत नाही. कटर बंद पडला, ब्लेड संपलं, दुसरं यायला सकाळ झाली, हे प्रत्येक साइटवर कधी ना कधी घडतं. ‘पॅनल ११२ ते ११९, कट सकाळी ९.४०, कटर बंद होता’ एवढी ओळ असली की पुढच्या तपासणीत त्या आठ पॅनलवरच्या वेड्यावाकड्या तड्यांचं कारण आराखड्यात शोधत बसावं लागत नाही.

हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नियमाप्रमाणे झालेल्या कामाची नोंद तुम्हाला फारसं नवीन शिकवत नाही. ते निविदेत आधीच लिहिलेलं असतं. जिथे काही वेगळं घडलं तिथली नोंद मौल्यवान. पाऊस आला, गाडी परत पाठवली, जुनी केबल वर आली म्हणून जाडी कमी ठेवावी लागली. आणि नेमकं हेच लोक लिहायला घाबरतात. ज्या रात्री १३२ अंश लिहिलं म्हणून जेईला कारणे दाखवा नोटीस गेली, त्यानंतरच्या प्रत्येक रात्री तापमान १४५ असतं. मी हे एका कार्यालयात डोळ्यांनी पाहिलंय. त्या वर्षाचा डेटा आम्हाला पूर्ण टाकून द्यावा लागला. स्वीकृतीच्या चाचण्या आणि दंड यांची व्यवस्था वेगळी आहे, ती तशीच चालू द्या. रस्त्याच्या नोंदीत खरं लिहिणाऱ्याला त्याच नोंदीवरून शिक्षा होणार नाही, हे वरिष्ठांनी लेखी द्यावं.

आता नोंद खरी आहे की भरलेली आहे, हे तपासायचं कसं? त्यासाठी मोठं तंत्र लागत नाही, गुणाकार-भागाकार पुरतो. १,००० चौरस मीटरवर ४० मिलिमीटर बीसी (वरच्या थराचं डांबरी मिश्रण) घातलं आणि घट्ट झाल्यावर घनता २.३५ टन प्रति घनमीटर धरली, तर ९४ टन माल लागतो. चलानांची बेरीज ७० टन आली, तर सरासरी जाडी ३० मिलिमीटरच्या आसपास आहे, रकान्यात ४० लिहिलेलं असो. काँक्रीटचं तसंच. साडेतीन बाय साडेचारचं २८० मिलिमीटर जाड पॅनल म्हणजे ४.४१ घनमीटर. अशी २० पॅनल म्हणजे ८८ घनमीटर. चलानं ७८ घनमीटरची असतील तर सरासरी जाडी २४८ मिलिमीटर होते. दोन-चार टक्क्यांचा फरक चालतो, बारा टक्क्यांचा चालत नाही. हा हिशेब रात्रीची चलानं सकाळी हातात असतानाच करायचा, सहा महिन्यांनी नव्हे.

क्यूबचे, म्हणजे मजबुती तपासायला ओतलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, निकाल पाहताना सरासरीकडे बघायच्या आधी विखुरणं बघा. एम-४० (४० मेगापास्कल मजबुतीच्या) काँक्रीटसाठी मिक्स डिझाइन करताना प्रमाण विचलन ५ धरतात आणि लक्ष्य म्हणून ४८.२५ येतं, म्हणजे खऱ्या साइटवर ४१ही येतात आणि ५५ही येतात. तीस क्यूबचे निकाल ४८.० ते ४९.२च्या मधे असतील तर ते क्यूब त्या रस्त्याचे नाहीत, किंवा निकाल मशीनवरून आलेले नाहीत. जाडीच्या रकान्यात सलग पन्नास ठिकाणी २८० लिहिलेलं असेल, तर आराखड्यातला आकडा खाली ओढलेला आहे. म्हणूनच आराखड्याची जाडी आणि मोजलेली जाडी यांचे रकाने वेगळे ठेवा.

आणि प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला याचं एक अक्षर लिहा. मी चार प्रकार वापरतो : मो म्हणजे स्वतः मोजलेलं, च म्हणजे चलानावरून काढलेलं, आ म्हणजे आराखड्यातलं, सां म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि ‘माहीत नाही’ असंच लिहा. हा छोटासा रकाना मी ज्या ज्या ठिकाणी लावून घेतला तिथे सगळ्यात जास्त फरक पडला. मॉडेल बसवताना तुम्ही फक्त ‘मो’ आणि ‘च’ घेऊ शकता, आणि ‘सां’चा जिथे भरणा आहे तिथे कोअर (रस्ता आरपार कापून काढलेले गोल नमुने) कुठे काढायचे हे आपोआप ठरतं. नंतर कोअर काढल्यावर जुना आकडा खोडू नका. खाली नवी ओळ लिहा, तारीख टाकून.

जगात पेव्हमेंटच्या आराखड्याचा पाया ज्या कामाने घातला, ती अमेरिकेतल्या इलिनॉयमधली आशो चाचणी, १९५८ ते १९६०. तिथल्या प्रत्येक तुकड्यात कोणता थर किती जाड आहे हे घालतानाच टिपलेलं होतं, म्हणूनच त्यावरून समीकरणं काढता आली. पुढे १९८७मध्ये अमेरिकेतच सुरू झालेल्या दीर्घकालीन पेव्हमेंट कामगिरी प्रकल्पात आधीच वापरात असलेले रस्तेही घेतले आणि मुद्दाम नव्याने बांधलेले तुकडेही. वापरातल्या रस्त्यांच्या बाबतीत जुन्या फाइलींवर अवलंबून राहावं लागतं, हा तुमचा-आमचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता.

तेव्हा आपल्या जुन्या रस्त्यांचं काय? तुमचा खरा डोंगर तोच आहे. कोअर खर्चिक, जीपीआर (जमिनीखालचे थर दाखवणारं रडार) महाग आणि त्याचं वाचन कोअरशिवाय पक्कं होत नाही. पण मुंबईत एक सोय अशी आहे की ज्याचा लोकांना त्रास होतो आणि आपण फायदा घेत नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मेपर्यंत चर खणले जातात. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट. प्रत्येक चर म्हणजे रस्त्याचा उभा छेद, कुणीतरी आपल्यासाठी विनामूल्य कापून ठेवलेला, आणि संध्याकाळपर्यंत तो बुजतो.

पूर्व उपनगरातल्या एका रस्त्यावर डांबराच्या पृष्ठभागाला आडव्या भेगा होत्या. सर्वेक्षणाच्या अहवालात त्या नुसत्या आडव्या भेगा म्हणून आल्या आणि सल्लागाराने जाड ओव्हरले, म्हणजे आहे त्यावर नवा थर, सुचवला. आमच्यातल्या एका तरुण मुलीने भेगांमधलं अंतर पावलांनी मोजलं, आणि ते सगळीकडे सारखं, साडेचार मीटरच्या आसपास. त्या आठवड्यात तिथे केबलचा चर पडला. ती टेप घेऊन गेली, बाटलीतलं पाणी चराच्या भिंतीवर शिंपडलं, आणि थर उघडे पडले. वर ४० मिलिमीटर काळंभोर, चकाकणारं डांबर. त्याखाली दोन बोटं जुनं, राखाडी पडलेलं, खडी सुटत असलेलं. मग एकदम सरळ रेघ आणि खाली वीतभर काँक्रीट, आतली खडी गोटीसारखी घट्ट बसलेली. त्याखाली हाताने रचलेलं दगडी सोलिंग, दगडांच्या सांध्यांत मुरूम. चाळीसेक वर्षांपूर्वी तो काँक्रीटचा रस्ता होता आणि त्यावर दोनदा डांबर चढलं होतं. भेगा म्हणजे खालचे सांधे वर आलेले. ओव्हरले कितीही जाड केला तरी त्या परत आल्या असत्या. शिवाय विक्षेप (भाराखाली रस्ता किती दबतो ते) मोजून मजबुती काढायला इंडियन रोड्स काँग्रेसचा कोड डांबरी रस्त्यासाठी आयआरसी ११५ आहे आणि काँक्रीटसाठी आयआरसी ११७; खाली काय आहे हेच माहीत नसताना आधीचा हिशेब चुकीच्या कोडने झाला होता. त्या मुलीच्या एका फोटोने ते काम बदललं.

फोटो कसा घ्यायचा तेही सांगतो, कारण नुसते खड्ड्यांचे फोटो माझ्याकडे हजारो पडून आहेत आणि त्यांचा उपयोग नाही. पाटीवर तुकड्याचा क्रमांक, चेनेज, लेन आणि तारीख. स्टीलची टेप भिंतीला उभी, शून्य रस्त्याच्या पृष्ठभागाशी. भिंतीवर थोडं पाणी. कॅमेरा समोर, तिरका नको. चर कमरेपेक्षा खोल असेल तर आत उतरायचं नाही, वरूनच घ्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे. चराच्या परवानगीच्या अटींतच हा फोटो मागून घेतला तर तुमच्या माणसाला जावंही लागणार नाही. आणि चर बुजवला ही स्वतंत्र नोंद : कशाने बुजवला, किती रुंद, केव्हा. त्या पट्टीतला रस्ता त्या दिवसापासून वेगळा रस्ता झाला.

निवृत्त मुकादम आणि जुने अभियंते यांच्याशी बोला, त्यांना रस्त्यावर घेऊन जा. खुर्चीत बसून त्यांना आठवत नाही, नाक्यावर उभं राहिलं की आठवतं. जे सांगतील ते ‘सां’ अक्षराखाली लिहा.

सॉफ्टवेअरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोणतंही चालेल. थरांची नावं यादीतून निवडायची असावीत, टाइप करायची नसावीत, ‘डीबीएम’, ‘डी.बी.एम.’ आणि ‘डेन्स मॅकॅडम’ हे संगणकाला तीन थर वाटतात. स्कॅन केलेल्या पीडीएफला डेटा समजू नका. आणि दरवर्षी एकदा सगळं साध्या तक्त्यात बाहेर काढून ठेवा, कारण सॉफ्टवेअर पुरवणारा बदलतो, रस्ता तिथेच असतो.

जो जेई रात्री लिहितो त्याला त्यातून काही परत मिळतं का, हेही बघा. आम्ही एका ठिकाणी एवढंच केलं की मे महिन्यात प्रत्येक जेईला त्याच्या रस्त्यांचा एकेक पानी इतिहास छापून दिला : थर, तारखा, चर, खड्डे कुठे पुन्हापुन्हा पडले. एकाने ते पान पाहून सांगितलं की एका नाक्यावर चार पावसाळे त्याच दोन मीटरमध्ये खड्डा पडतोय. खणून पाहिलं तर खाली पाण्याची गळती. त्यानंतर त्या मुलांच्या नोंदी मागाव्या लागल्या नाहीत.

तुम्ही सुरुवात एका रस्त्यापासून करा, साधारण एक किलोमीटर, ज्याचं काम सध्या चालू आहे असा. त्यावर तुकडे, तारखा, स्रोताची अक्षरं, चलानांचा हिशेब, सगळं एका हंगामात बसवून पाहा. सोबत तुमच्या यादीतल्या ज्या रस्त्यांचे अंदाज सगळ्यात विचित्र येतात ते दहा निवडा आणि त्यांच्यावरच्या चरांच्या परवानग्यांची यादी वॉर्डातून मागवून ठेवा. ऑक्टोबरात खणायला सुरुवात होईल. तेव्हा टेप, पाटी, खडू आणि पाण्याची बाटली गाडीत असू द्या. पहिल्या चार-पाच छेदांचे फोटो आणि त्याच जागांच्या जुन्या नोंदी शेजारी शेजारी लावून मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.